कठड्यावरचं बोलणं

ताईच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती भिंतीवरच्या टकटकीमुळे.

धाकटा, म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ, सकाळी सकाळी एका अनोळखी माणसाला घेऊन लॉजवर आला. "हा माझा दोस्त," एवढंच म्हणाला. तो दोस्त चहाचा कप तसाच ठेवून मागच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर बोटाने टकटक करत फिरायला लागला. एका जागी थांबला, कान लावला, मान हलवली, पुन्हा टकटक. ताई हातात चादरींचा ढीग घेऊन दारात उभी. घरी आलेला दोस्त घरच्यांशी बोलत नाही आणि भिंतीशी बोलतो, हे तिला काही ठीक दिसलं नाही.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं. ओल आलीय का बघतोय."

"ओल? या गावात? ओल नसलेली एक भिंत दाखव, मी जन्मभर तिची पूजा करते."

धाकटा हसला, आणि जरा जास्तच हसला. ताईच्या विनोदाला तो लहानपणापासून कधी हसला नव्हता. माणूस गरजेपेक्षा जास्त हसला की त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, हे ताईला अनुभवाने ठाऊक होतं. लॉज चालवणाऱ्या बाईला असे अनुभव रोज येतात.

ताईचा दोष म्हणाल तर दोष तिचा थोडा आणि गावाचा जास्त. हे गाव धबधब्याने वसवलं. पण धबधब्याने गावाला शहाणपण कोणतं शिकवलं, तर आलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. धबधबा एकदाच बघतात लोक. फार तर लग्न झाल्यावर एकदा आणि मुलं झाल्यावर एकदा. ज्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही त्याच्याशी खरं कशाला बोलायचं? सुरुवातीला इथे फक्त एक नावाडी होता. वरच्या बाजूला, पाणी शांत असतं तिथे, लोकांना पलीकडे सोडायचा. त्याच्या लवकरच लक्षात आलं, की पलीकडे नेण्याचे लोक थोडे देतात आणि कड्याजवळ नेऊन घाबरवण्याचे भरपूर देतात. मग तो पलीकडे जायचाच बंद झाला. गावातले सगळे धंदे या नावाड्याच्या पोटी जन्मले असं म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर पिठाच्या गिरण्या आल्या, मग कागदाच्या. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा काठ फळ्या ठोकून बंद केला आणि आत जायचे पैसे लावले. एवढा मोठा धबधबा, आवाज चार गावं ऐकू जायचा, पण फुकट बघायला मिळेल अशी हातभर जागा उरली नाही. ताईच्या पणजोबांकडे ना काठ होता ना गिरणी. त्यांनी काय करावं? एका गिरणीच्या कुंपणाला मागच्या बाजूने भोकं पाडली आणि भोकं भाड्याने दिली. मोठ्यांसाठी वरची, पोरांसाठी खालची, आणि म्हातारी माणसं असतील तर बसायला उलटी बादली, तिचे वेगळे. गिरणीवाल्याला हे कळेपर्यंत पणजोबांनी समोरच्या गल्लीत जागा घेतली होती. ताईचं लॉज उभं आहे ती हीच जागा. पुढे गिरण्या एकेक करत जळाल्या. आपोआप जळाल्या असं म्हणायची गावात पद्धत आहे. मग कायदा झाला, फळ्या निघाल्या, काठावर लांबलचक लोखंडी कठडा आला, आणि गाव हॉटेलांवर जगायला लागलं. शेवटी आली वीज कंपनी. तिने वरच्या अंगाला पाणी अडवायची दारं बसवली. रात्री बरंचसं पाणी विजेला, दिवसा बघणाऱ्यांना. निसर्गाची देणगी खरी, पण तिलाही आता कामाचे तास आहेत.

धाकटा याच दारांवर नोकरीला होता. चाकं फिरवायची, पाण्याची पातळी बघायची, कोणी खडकात उतरलं तर शिटी वाजवायची. कंपनीने दारांशेजारीच राहायला दोन खोल्या दिल्या होत्या. तिथे तो आणि त्याची बायको राहत. लॉजचं घर मात्र वडिलांनी दोघा भावंडांच्या नावावर ठेवलेलं, अर्धं-अर्धं. ताईने लग्न केलं नाही. तीन स्थळं आली होती, पण तिन्ही मुलगे म्हणे तिच्याकडे कमी आणि गॅलरीकडे जास्त बघत होते. खरं-खोटं देव जाणे. तेव्हापासून पहाटे उठून चादरी, दुपारी हिशेब, संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या तक्रारी, यात तिचं वय गेलं. वरची कोपऱ्यातली खोली तिची. त्या खोलीतून कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचा. ती खोली गेली तर आपल्याला जगात दुसरी जागा नाही, ही एकच भीती तिला होती, आणि ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

टकटकीनंतर आठवडा गेला नसेल. ताई खिडकीशी उभी राहून उशांचे अभ्रे बदलत होती. बघते तर खाली कठड्याशी धाकटा, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलणारा माणूस कोण? साखऱ्या!

साखऱ्या म्हणजे मोठ्या हॉटेलचा दलाल. जिभेवर साखर, म्हणून साखऱ्या. त्याने या गल्लीतली घरं एकेक करून हॉटेलच्या घशात घातली होती, आणि त्याची युक्ती एकच. घरात दोन हिस्सेदार असले की त्यातला कच्चा कोण ते हेरायचं, आधी त्याला फोडायचं. शेजारच्या घरी दोन भाऊ होते. थोरला एका सकाळी उठून बाहेर आला, तर अर्ध्या गॅलरीत हॉटेलचे टॉवेल वाळत घातलेले. त्याच्या धाकट्या भावाने रातोरात सही केली होती. मग थोरल्याला काय मिळालं? जे हातावर टेकवलं ते.

आणि बोलणं कुठे चाललं होतं, तर कठड्याशी! हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. या गावात गुपित कधी घरात बोलत नाहीत. भिंतीला कान असतात, धबधब्याला नसतात. कठड्याशी उभं राहायचं, समोरच्याच्या कानाला तोंड लावायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. शेजारच्या माणसालासुद्धा ओठ हलल्याचं दिसतं, ऐकू काही येत नाही. गिरण्यांचे सौदे, पुलाचं कंत्राट, मोडलेली लग्नं आणि जमलेली लग्नं, सगळं इथेच ठरलं. उभं राहायची रीतही ठरलेली. धबधब्याकडे तोंड करून उभा असेल तो पाहुणा, पाठ करून उभा असेल तो गावकरी. गावकऱ्याला पाण्यात काय बघायचंय? त्याचं लक्ष गिऱ्हाइकावर.

धाकटा आणि साखऱ्या दोघंही पाठ करून उभे होते.

ताईने अभ्रा तसाच टाकला आणि खाली रेनकोटवालीकडे गेली. रेनकोटवाली लॉजच्या पायऱ्यांवर बसून पाहुण्यांना तुषारांपासून वाचायला रेनकोट भाड्याने द्यायची. गावातल्या सगळ्या बातम्याही तिच्याकडेच मिळायच्या, आणि त्या मात्र फुकट.

"काय गं, साखऱ्या हल्ली फार फिरतो का इकडे?"

"इकडे नाही बाई. तुझ्या भावाच्या मागे फिरतो. तो ड्यूटीला निघाला की हा हजर. मला वाटलं तुला माहीत असेल."

"मला सगळं माहीत असतं," ताई म्हणाली आणि वर निघून गेली.

मग काय विचारता! संशयाचं एकदा पोट दिसलं की त्याला डोकं, हात, पाय सगळं आपणच जोडतो. भावजय आली आणि न सांगता चादरींच्या घड्या घालायला बसली. एरवी ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. आज "ताई, तुम्ही दमता हो एकट्या" म्हणाली. ताईने मनात म्हटलं, दमते म्हणजे? दमलेल्या माणसाला घरातून हलवणं सोपं, असंच ना? त्यानंतर धाकट्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, मागच्या दोन खोल्या बहुतेक रिकाम्याच असतात ना गं?"

"कोण म्हणतं रिकाम्या असतात?"

"नाही, तिथून धबधबा दिसत नाही, म्हणून म्हटलं."

"ऐकू येतो ना! ऐकायचेही लोक देतात," ताई ठसक्यात म्हणाली. खरं तर त्या खोल्या तीन वर्षांत कुणी घेतल्या नव्हत्या. पण हे दलालाला कळलं तर घराची किंमत पडणार, आणि भावाला सांगितलं म्हणजे दलालाला सांगितलं.

यावर कळस चढवला तो पाणी बंद होण्याच्या बातमीने. एका दुपारी धाकटा घाईघाईने आला. "ताई, सोमवारी पाणी पूर्ण बंद करणार आहेत. कड्याला भेग गेलीय का ते बघायला वरून साहेब लोक येणार आहेत. दिवसभर धबधबा नसणार. त्या दिवसाचं बुकिंग घेऊ नकोस, उगाच लोक भांडतील."

ताईने त्याच्याकडे टक लावून बघितलं. "आजवर कधी बंद केलंय?"

"आपल्या आठवणीत तरी नाही."

"मग आत्ताच बरं सुचलं."

"मला काय सुचायचंय? कंपनीचा हुकूम आहे. चौकात बोर्ड लावलाय बघ."

बोर्ड लावला होता खरा. पण या गावातल्या बोर्डांवर कोण विश्वास ठेवतं? 'शेवटची बोट' असा बोर्ड सकाळी आठला लागतो. 'पुढे रस्ता बंद' असा बोर्ड दर दोन हॉटेलांमागे असतो आणि रस्ता मजेत चालू असतो. ताईने स्वतःच्या हाताने कित्येकदा 'एकच खोली शिल्लक' असं लिहून दारावर लावलं होतं. तेव्हा तिने हिशेब असा केला, की सोमवारी लॉज रिकामं दिसावं, साखऱ्याने हॉटेलच्या साहेबांना आणून रिकामं लॉज दाखवावं आणि भाव पाडावा. वा रे भाऊ! कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली. तिने सोमवारचं बुकिंग मुद्दाम पूर्ण भरलं.

त्या रात्री तिला झोप आली नाही. बाळपणी याच धाकट्याला पाठीवर घेऊन ती कठड्यावर हिंडायची, तो पडू नये म्हणून आपल्या ओढणीने त्याला कमरेशी बांधायची. ते आठवून तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. पहाटेपर्यंत तिचा विचार पक्का झाला. साखऱ्याशी व्यवहार करायचाच झाला तर पहिला सही करतो तो अटी घालतो, दुसऱ्याला उष्टं मिळतं. मग आपणच पहिली सही का करू नये? आपला हिस्सा द्यायचा आणि बदल्यात वरची खोली मरेपर्यंत आपल्याला. धाकट्याचं धाकटा बघेल. त्याने तरी आपला विचार कुठे केला?

सोमवारी सकाळी तिने साखऱ्याला निरोप धाडला. कुठे भेटायचं हे सांगायची गरज नव्हती.

साखऱ्या आला तो हात जोडूनच. "ताई, तुम्ही बोलावलंत, धन्य झालो! पण म्हटलं, आज पाणी बंद व्हायचंय म्हणतात, तर आपण चहाच्या टपरीवर..."

"अहो, कोण बंद करतंय! सगळा बनाव आहे. तुम्हाला ठाऊक नाही होय?" ताई त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली. "आणि ऐकू येतंय ना ते काय आहे मग?"

तेव्हा धबधबा गर्जतच होता. साखऱ्याने खांदे उडवले. दोघंही रीतीप्रमाणे कठड्याला पाठ टेकून उभी राहिली. आधी इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, कारण साखऱ्या मुद्द्यावर यायला वेळ लावतो आणि ताई मुद्दा आधी काढून आपली गरज दाखवणाऱ्यांपैकी नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायची दोघांनाही सवय. हवापाणी झालं, रंगाऱ्यांचे भाव झाले, हॉटेलच्या नव्या लिफ्टचं कौतुक झालं. हे सगळं एकमेकांच्या कानात, ओरडून.

इकडे वरच्या अंगाला दारं उतरवली होती. धबधबा काही नळासारखा बंद होत नाही. पाणी आधी पातळ झालं, मग त्याच्या दोऱ्या झाल्या, मग थेंब. पाहुण्यांनी ते बघितलं आणि ते गप्प झाले. कडा उघडा पडला, काळा, शेवाळलेला, मध्ये मध्ये लोखंडाचे जुने तुकडे अडकलेला, आणि शेकडो माणसं तोंडाला कुलूप लावून बघत राहिली. पण ताई जन्मापासून हा आवाज ऐकत आलेली. तो तिच्या कानातच राहायला आलेला. बाहेरचा थांबला तरी आतला चालूच होता. साखऱ्याचंही तेच. आणि दोघांचीही पाठ पाण्याकडे.

"हे बघा!" ताई आपल्या कठड्यावरच्या आवाजात ओरडली. "माझा हिस्सा आधी घ्या! धाकट्याला कळायच्या आत! वरची कोपऱ्यातली खोली मरेपर्यंत माझी, बाकी घर तुमचं! त्याला काय द्यायचं ते तुम्ही बघा! नाही दिलंत तरी माझी हरकत नाही! पायरीवर पाय ठेवू देऊ नका त्याला!"

साखऱ्या चकित झाला आणि तेवढ्याच जोराने ओरडला, "अहो ताई, काय बोलता! तुमच्या भावाने मला किती वेळा हाकललं माहीत आहे? ड्यूटीला जाताना रोज गाठतो मी त्याला! म्हणतो, माझी ताई आहे तोवर घराची वीट हलायची नाही! मी तर आशाच सोडली होती!"

"खोटं! तो तुम्हाला आतून सामील आहे! माझा सख्खा भाऊ आहे, मी चांगली ओळखते त्याला!"

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

साधा खोकला, तोही दहा-बारा हात लांबून. पण ताईच्या अंगावर काटा आला. कठड्यावर तिने आयुष्यात कधी दुसऱ्याचा खोकला ऐकला नव्हता. मग तिला एका मुलाचं रडणं ऐकू आलं, कुणाच्या तरी हातातल्या पिशवीची सळसळ ऐकू आली, आणि रेनकोटवालीचं "अगं बाई!" ऐकू आलं. धबधब्याकडे तोंड करून उभी असलेली सगळी गर्दी आता तिच्याकडे तोंड करून उभी होती. ताई हळूच वळली.

कठड्याच्या खाली, ओल्या खडकावर, गळ्यात शिटी अडकवून धाकटा उभा होता. लोक खडकात उतरू नयेत म्हणून त्याची तिथे नेमणूक होती. त्याने सगळं ऐकलं होतं. कसं ऐकू येणार नव्हतं? एक पाहुणा कठडा ओलांडायला बघत होता, त्याच्याकडे वळून त्याने शिटी वाजवली आणि हाताने मागे व्हायची खूण केली. शिटी फार मोठ्याने वाजली.

साखऱ्या कधी सटकला ते कळलंही नाही.

ताई घरी आली. लॉजभर पाहुणे तिला घेरून पैसे परत मागत होते. तिने कुणाशीही हुज्जत घातली नाही, मागेल त्याला परत देत गेली. तिच्या ओळखीच्या कुणी हे पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

संध्याकाळी धाकटा आला. बरोबर भावजय होती. दोघंही स्वयंपाकघरात उभीच राहिली.

"बसा ना," ताई म्हणाली.

"बसत नाही," धाकटा म्हणाला. "पायरी चढलो तेच पुष्कळ झालं."

"अरे, मला वाटलं..."

"मी सांगते ताई," भावजय म्हणाली. ती तावातावाने बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. "कंपनी दारं बटणावर चालवणार आहे, लांबून. माणसं नकोत. यांची नोकरी महिनाअखेर संपतेय, राहायच्या खोल्याही जाणार. हे मला म्हणाले, ताईकडे मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मध्ये दार पाडून घेतलं की आपल्याला पुरेल. गवंडी आणून भिंतसुद्धा दाखवली. पण विचारायची हिंमत होत नव्हती. मला म्हणाले, तू आधी जा, थोडं काम कर, तिला बरं वाटू दे, मग विचारू."

ताई खाली बसली. टकटक, घड्या, रिकाम्या खोल्या, सगळं तिच्यासमोर उलटं होऊन उभं राहिलं, आणि यातलं काहीही तिला एका प्रश्नाने कळलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "या ना मग," ती म्हणाली. "आजच या. मागच्या कशाला, पुढच्या घ्या. चुकलं माझं."

धाकट्याने मान हलवली. "नाही ताई. मी तुझ्यावर रागावलोय असंही नाही. रागावलोय, पण ते जाईल. पण मी इथे राहायला आलो, तर रोज सकाळी तू माझ्याकडे बघून विचार करणार, हा आज काय मनात घेऊन उठलाय? त्यापेक्षा असं करू. घर तुझं. माझा हिस्सा मी तुझ्या नावावर करून देतो, उद्याच."

"आणि त्या बदल्यात?" ताईने विचारलं.

तिला विचारायचं नव्हतं. शपथेवर सांगते म्हणाली असती तरी कुणी मानलं नसतं, पण खरंच विचारायचं नव्हतं. शब्द तोंडातून गेले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धाकट्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी पडून लागलं की रडायच्या आधी तो असाच बघायचा.

"चल गं," तो बायकोला म्हणाला.

तो बोलल्याप्रमाणे वागला. हक्क सोडल्याचा कागद टपालाने आला, सही-शिक्क्यासकट. ताईने तो कोपऱ्यातल्या खोलीत बसून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. कुणी एवढं फुकट कसं सोडून देईल? तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही ती कागद घेऊन गावातल्या वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, चोख आहे. पण गावातला वकील, त्याचं साखऱ्याशी उठणं-बसणं. म्हणून ती बस पकडून शेजारच्या शहरातल्या वकिलाकडे गेली. तोही तेच म्हणाला. एव्हाना महिना संपला होता आणि दारांशेजारच्या धाकट्याच्या खोल्यांना कंपनीचं कुलूप लागलं होतं. घरी येऊन दोन दिवस तिने कागद कपाटात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी आणखी लांबच्या, कुणी न ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेली.

म्हाताऱ्याने सावकाश, बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचली. कागद घडी करून तिच्या हातात दिला.

"यात काही खोट नाही हो, बाई," तो म्हणाला. "असा भाऊ भाग्यानेच मिळतो. कुठे असतात ते हल्ली?"

ताईने कागद पिशवीत ठेवला. मग पुन्हा बाहेर काढला आणि शेवटी सहीखाली पत्ता लिहिलेला असतो तिथे बघितलं. तिथे तिच्याच घराचा पत्ता होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.